अंबाडीचा पत्रा

किस्से साठतात ते अंबाडीच्या ढिगासारखे. आणतो कोण, टाकतो कोण, कोणी पाहत नाही. आणि एक दिवस मागचं दार उघडत नाही! माझं आता तसंच झालंय. वर्ध्यात कोणीही भेटलं की विचारतं, "काय बे, त्या शेडात तुम्ही लोक करत काय होते?" एक किस्सा सांगायला घेतला की मागून दुसरा ढकलतो. तेव्हा दार मोडायच्या आत बाहेर काढलेले बरे.

शेड नालवाडीच्या पुढे, रस्त्याला लागून. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण तिचे विश्वस्त अजून धडधाकट आहेत आणि त्यांना लांबलचक पत्रं लिहायची हौस आहे. काम असं की अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचे लांब धागे, वितळलेल्या लाखेत घोळायचे, प्रेसमध्ये दाबायचे आणि त्याचा घराच्या छपरासाठी पत्रा बनवायचा. टिनाचा पत्रा कारखान्यातून येतो, हा शेतातून येणार. कल्पना वाईट नव्हती. कल्पना सहसा वाईट नसतेच, ती म्हाताऱ्यांच्या हाती पडते.

माणसं चार. संचालक नानासाहेब, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांना सगळं येत होतं, फक्त करून पाहिलेलं नव्हतं. व्यवस्थापक गुरुजी, यांच्याकडे प्रार्थना, सफाई आणि स्वयंपाक. तिसरे सुखदेवभाऊ, चाळिशीचे. अंबाडी भिजवणं, सडवणं, सोलणं त्यांच्या हातात. काम येणारा माणूस हा एकच! आणि चौथा मी. नागपूरच्या कॉलेजात दीड वर्ष बी.एस्सी. केलं. एका प्रोफेसरांना विचारलं, "तुम्ही जे वाचून दाखवता ते पुस्तकात छापलेलं आहे, मग तुम्ही कशाला?" त्यानंतर कॉलेजही मला तेच विचारू लागलं. नानासाहेब मला "अर्धे बी.एस्सी." म्हणत.

आमच्या शेडला मदत देणाऱ्या समितीनं एक वर्ष दिलं होतं. वर्षअखेर समितीचे साहेब येणार. पत्रा आठ दिवस पाण्यात बुडवलेला असणार, आणि मग त्यावर एक माणूस उभा राहणार. मोडला तर शेड बंद. शेड बंद म्हणजे मी सेलूला, बाबांच्या किराणा दुकानात, तराजूच्या मागे, जन्मभर!

*

पहिले तीन महिने आमचा प्रत्येक पत्रा फुगला. प्रेसमधून काढला की पापडासारखे फोड, आणि थंड झाला की त्या फोडांतून उभा चिरायचा. मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, वाख ओला राहतोय, आतल्या पाण्याची वाफ होतेय.

"अर्धे बी.एस्सी.," नानासाहेब म्हणाले, "वाख चार दिवस वर्ध्याच्या उन्हात वाळलाय. वर्ध्याच्या! उन्हाळ्यात इथं माणूस वाळतो."

हे मात्र खरं होतं. मग त्यांनी आधी लाखेला दोष दिला, मग प्रेसला, आणि शेवटी माझ्या उशिरा उठण्याला. "कार्यकर्त्याच्या आळसाचा पदार्थावर परिणाम होतो."

रागारागात एक दिवस पहाटे उठलो. पाहतो तर प्रार्थना उरकून गुरुजी वाखाच्या कोठीत बादली घेऊन सडा घालतायत! आधी जमिनीवर, मग भिंतीवर, आणि मग देवावर फुलं वाहावीत तसं वाखावर.

"गुरुजी, हे काय?"

"धूळ बसते."

"रोज घालता?"

"रोज! तीन महिन्यांत एक दिवस चुकलो नाही."

सुखदेवभाऊ दारात उभे होते. म्हणाले, "म्हणजे मी सुकवून राह्यलो, अन् हे भिजवून राह्यले."

नानासाहेबांना बोलावलं. गुरुजी त्यांचे जेलमधले सोबती. त्यांची चूक काढणं शक्यच नव्हतं. शेवटी त्यांनी नोंदवही उघडून सुवाच्य अक्षरात लिहिलं: "प्रयोग सत्तावीस. अपयश. कारण: अतिस्वच्छता."

*

वाख कोरडा झाला, पत्रे जुळायला लागले, आणि लगेच गुरुजींना शोध लागला की लाख ही किड्यांपासून मिळते! पळसाच्या फांदीवर किडे ती तयार करतात, आणि खरवडताना त्यातले बरेच मरतात. गुरुजींनी त्या दिवशी जेवण सोडलं. म्हणजे सकाळचं. लाख बंद!

मग पत्रा चिकटवायचा कशानं? चिंचोक्याच्या खळीनं.

मी म्हटलं, "नानासाहेब, खळ पाण्यात विरघळते. छपरावर पाऊस पडतो."

"पावसाचा विचार पावसाळ्यात करू."

पत्रा झाला मात्र सुंदर! लालसर, गुळगुळीत. ऊन लागावं म्हणून अंगणात भिंतीला टेकवून आम्ही जेवायला गेलो. परत येतो तर अंबाडी घेऊन आलेल्या गाडीचा बैल सुटलेला, आणि तीन हात पत्र्यातला एक हातच उरलेला. गुरुजी हाकलायला धावले. नानासाहेबांनी त्यांचा हात धरला.

"थांबा. निरीक्षण पूर्ण होऊ द्या."

आम्ही चौघं रांगेत उभे राहून बघत होतो. बैलानं शेवटचा तुकडा चावला, भिंत चाटली, आणि नानासाहेबांकडे अशा नजरेनं पाहिलं की तसं आजवर कोणत्या विद्यार्थ्यानं पाहिलं नसेल.

"छप्पर नाई झालं जी," सुखदेवभाऊ म्हणाले, "पण बैलाले ढेप झकास झाली!"

*

आता परत लाखेवर यायचं तर गुरुजींच्या सद्सद्विवेकाची सोय लावणं भाग होतं. त्यांनी कुठंतरी वाचलं की किडे निघून गेल्यावर फांदीवर उरलेलीही लाख मिळते. तीच घ्यायची! मी आणि गुरुजी वर्ध्याच्या बाजारात गेलो.

"ही लाख किडे असतानाची की गेल्यानंतरची?" गुरुजींनी विचारलं.

दुकानदारानं एकदा लाखेकडे पाहिलं, एकदा गुरुजींच्या टोपीकडे. "गेल्यानंतरची जी."

"नक्की गेले?"

"एक बी नाई राह्यला."

"कुठं गेले?"

"गोंदियाले."

गुरुजींचा चेहरा उजळला. तरी खात्री केलेली बरी. "स्वखुशीनं?"

"हौ जी," दुकानदार लाख तोलत म्हणाला, "सहकुटुंब!"

*

शेड बघायला पाहुणे फार यायचे. एका बाईंनी वर बघत विचारलं, "या शेडला छप्पर कशाचं आहे?"

"टिनाचं," मी म्हटलं.

"आणि तुम्ही इथं टिनाऐवजी..."

"ताई," नानासाहेब मध्येच म्हणाले, "संशोधनाला कोरडी जागा लागते!"

*

सोमवारी नानासाहेबांचं मौन असे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत एक अक्षर नाही. काही सांगायचं असेल तर पाटी. त्या पाटीचा एक नियम होता: मायना पूर्ण हवा. मायन्याशिवाय मजकूर म्हणजे अंगावर कपड्यांशिवाय माणूस, असं ते म्हणत. म्हणजे मंगळवारी म्हणत.

एका सोमवारी मी प्रेसचा स्क्रू आवळत होतो. पाठीमागे शेगडीवर लाखेची कढई, कढईशेजारी स्टुलावर नानासाहेब. सुखदेवभाऊ बाहेर, अंबाडी भिजवायच्या टाक्यावर. मला काहीतरी जळल्याचा वास आला, पण शेडात तो रोजच यायचा.

नानासाहेबांनी माझ्या खांद्यावर टकटक केलं आणि पाटी पुढे धरली. "श्री. चिरंजीव मनोहर यास नानासाहेबांचे अनेक उत्तम आशीर्वाद."

बरं वाटलं हो! वर्षभरात पहिल्यांदा हा माणूस मला आशीर्वाद देत होता. मी नमस्कार केला आणि परत स्क्रू आवळू लागलो.

त्यांनी पाटी पुसली. पुन्हा लिहिलं. पुन्हा टकटक. "येथील सर्व क्षेम. तुझे क्षेम कळवीत जावे. विशेष कळविण्यास वाईट वाटते की" आणि पाटी भरली!

एवढ्यात सुखदेवभाऊ ओल्या अंबाडीची पेंढी घेऊन आत धावले. कढईतून हातभर ज्वाळा निघत होत्या. त्यांनी पेंढी सरळ कढईवर आपटली, वर दुसरी टाकली. धूर कोंडला, आग विझली. मी खोकतोय, सुखदेवभाऊंच्या भुवया अर्ध्या जळालेल्या, आणि नानासाहेब शांतपणे लिहितायत.

लिहून झाल्यावर त्यांनी पाटी सुखदेवभाऊंपुढे धरली. सुखदेवभाऊंनी एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. "कढईतील लाखेने पेट घेतला आहे. सवड होताच पाहावे."

पाटी परत देत ते म्हणाले, "पाह्यली जी."

*

नानासाहेबांचा आणखी एक आग्रह: पत्र्यातले सगळे धागे एकाच दिशेनं हवेत. शाळेत प्रार्थनेला पोरं उभी करावीत तसे. मी एकदा अर्धे उभे, अर्धे आडवे घातले, तर त्यांनी ते स्वतः उचकटले. "हा गोंधळ आहे! शिस्तीत ताकद असते."

"खाट पाह्यली का जी तुमी?" सुखदेवभाऊंनी विचारलं. "सुतळी नुसती उभीच ओढली तं माणूस मधातून खाली जाते."

"खाट ही झोपण्याची वस्तू आहे," नानासाहेब म्हणाले. पुढे वाद नाही!

त्या शिस्तबद्ध पत्र्याच्या तुकड्याची एक खुर्ची केली. चाचणीला बसणार गुरुजी, कारण वजनानं तेच भारी. गुरुजी आता दिवसातून एकदाच जेवत. ते एकदा म्हणजे दोन तास चाले.

वेळ निवडली संध्याकाळच्या प्रार्थनेची. पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्यात "कट्" असा आवाज झाला. बैठक लांबीच्या दिशेनं उभी चिरली, आणि गुरुजी त्या चिरेतून खाली! गुडघे हनुवटीला, पावलं वर, बाकी सगळे गुरुजी खुर्चीच्या पोटात. मी उठायला लागलो तर नानासाहेबांनी डोळे वटारले. प्रार्थना मधे मोडायची नाही! आणि गुरुजी खरंच थांबले नाहीत. घडी घातलेल्या अवस्थेत त्यांनी उरलेली कडवी म्हटली, आवाज तेवढा तिरपा येत होता. "शांतिः" तर तीनदा म्हटलं.

मग मी आणि सुखदेवभाऊंनी पाय धरून त्यांना ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी नानासाहेबांनी नुसतं सांगितलं, "धागे आडवे-उभे घाला." माफी नाही, सुखदेवभाऊंचं नाव नाही. नोंदवहीत मात्र लिहिलं: "दिशाबदलाची प्रेरणा प्रार्थनेतून मिळाली."

*

हा पुढचा किस्सा मी हसत सांगायला जातो आणि दरवेळी मधेच हसू जातं. तरी सांगतो.

छप्पन सालच्या दसऱ्याला सुखदेवभाऊ रजेचा अर्ज देऊन नागपूरला गेले, दीक्षा घेऊन तिसऱ्या दिवशी परत आले. पांढराशुभ्र सदरा, आणि थेट टाक्यावर कामाला. गुरुजी दुपारभर अस्वस्थ. जेवणाच्या पंगतीत त्यांना राहवेना.

"सुखदेवा, आम्ही तुला इतकं आपलं मानलं. आमच्या पंगतीत, आमच्या शेजारी बसवलं. आमचं काय कमी पडलं म्हणून तू आम्हाला सोडून गेलास?"

"गेलतो कुठं जी? तीन दिवसांची रजा होती. आलो न परत."

"तसं नव्हे रे. कमी काय पडलं ते सांग."

सुखदेवभाऊंनी भाकरीचा तुकडा मोडला. "कमी काई नाई पडलं जी. रोज जेवताना तुमी पाहुण्याईले सांगत होते का पाहा, याले आम्ही शेजारी बसवलं. तेवढं एक जास्त झालं."

दुसऱ्या दिवसापासून गुरुजींनी पंगतीत पाहुण्यांना फक्त भाजीचं नाव सांगायला सुरुवात केली.

*

दिवाळीनंतर बाबा शेड बघायला आले. मी त्यांच्यापुढे आमचा त्यातल्या त्यात बरा पत्रा ठेवला. त्यांनी बोटानं वाजवला, हुंगला, हातावर तोलला.

"याच्यावर मिरची चांगली वाळन."

"बाबा, हे छप्पर हाय!"

"छप्पर डोक्यावर असते. हे तं खाली पडून हाय."

निघताना फाटकाशी थांबले. "समिती कवा येते?"

"उन्हाळ्यात."

"बरं. गिऱ्हाईकाईले सांगून ठेवतो, उन्हाळ्यापासून पोरगा बसन म्हणून."

माझा बाप अपमान किलोनं करत नाही, तोळ्यानं करतो. आणि त्याचं माप कधी चुकत नाही. त्या दिवशी मी प्रेसचा स्क्रू इतका आवळला की दांडा वाकला!

*

आता समितीचा दिवस.

त्याआधी हे सांगायला हवं की पत्रा एकेचाळीस आम्ही कसा केला. नानासाहेब आणि गुरुजी कुठल्याशा संमेलनाला चार दिवस गेले, आणि त्या चार दिवसांत वर्षाचं काम झालं! सुखदेवभाऊंनी निवडक वाख काढला. राखेच्या पाण्यात उकळून धुतला, त्यामुळे त्याला लाख नीट धरते. कडकडीत वाळवला. आम्ही एक थर उभा, एक थर आडवा रचत गेलो, मधे गरम लाख, आणि दोघंही दांड्याला लोंबकळून स्क्रू आवळला. बाहेर आला तो दीड बोट जाडीचा, काळसर तांबडा, वाजवला की खणखणणारा पत्रा. सुखदेवभाऊ त्याच्याभोवती दोनदा फिरले. म्हणाले, "हा नाई मोडत, बाबू. मले भेव वाटते ते दुसऱ्याच कशाचं."

"कशाचं?"

"दोघं उद्या येऊन राह्यले न."

ठरल्या दिवशी साहेब आले, सोबत एक कारकून आणि एक फोटोग्राफर. आठ दिवस टाक्यात बुडालेला पत्रा बाहेर काढला. फुगला नव्हता, सुटला नव्हता. साहेबांनी नखानं ओरखडून पाहिलं आणि मान डोलावली. इतकं जवळ आलं होतं सगळं!

पत्रा ठेवायला दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीचे विटांचे दोन थप्पे गुरुजींनीच रचले होते. विटाही त्यांच्याच, स्वतः थापलेल्या, नुसत्या उन्हात वाळवलेल्या. भट्टीच्या विटांना लाकूड फार जळतं म्हणून. मी त्या विटांकडे पाहिलंही नाही. वर्षभर नजर पत्र्यावर होती ना!

"चला," साहेब म्हणाले, "एक माणूस उभा करा."

मी पुढे झालो. नानासाहेबांनी मला मागे ओढलं. "थांब. पहिला मान गुरुजींचा."

"छे छे," गुरुजी म्हणाले, "मी तर सेवक. मान आपला."

"मी उभा राहिलो तर तो अहंकार होईल."

"आणि मी राहिलो तर तो अहंकार नाही?"

"तुमचा कमी होईल."

"म्हणजे आहे असं तुम्ही मानता!"

दहा मिनिटं झाली. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. त्यांना नागपूरची गाडी गाठायची होती. शेवटी वैतागून ते स्वतःच टुणकन पत्र्यावर चढले. पत्र्याचा हूं नाही की चूं नाही! साहेब उड्या मारू लागले. पत्रा ढिम्म!

पास! मी सुखदेवभाऊंचा हात दाबला.

आता खाली उतरावं की नाही? पण फोटोग्राफर म्हणाला, "साब, एक फोटो." आणि साहेब एकटे पत्र्यावर असताना आपण खाली उभं राहणं नानासाहेबांना अशोभनीय वाटलं. ते चढले. नानासाहेब चढले म्हणून गुरुजी चढले. गुरुजी चढले म्हणून पडू नये यासाठी आधार द्यायला कारकून चढला. तीन हात लांब, दीड हात रुंद पत्र्यावर चार माणसं, एकमेकांच्या कमरेला विळखे घालून!

"जरा जवळ," फोटोग्राफर म्हणाला.

आणि दोन्ही थप्पे एकदम बसले. विटांची नुसती माती झाली. फस्स करून धुळीचा ढग उठला, आणि चारही जण पत्र्यासकट जमिनीवर. ढग विरला तेव्हा साहेब मांडी घालून बसले होते, नानासाहेब त्यांच्या मांडीवर, गुरुजी आडवे, आणि कारकून त्या अवस्थेतही वही शोधत होता. त्यांच्याखाली पत्रा. एक चीर नाही!

फोटो मात्र आला म्हणे फार छान.

पंधरा दिवसांनी समितीचं पत्र आलं. नानासाहेबांनी आम्हाला रांगेत उभं करून वाचलं. सेलूची दुपारची बस मला तिथूनच ऐकू येत होती.

"पत्रा सर्व कसोट्यांस उतरला. सबब सदर संशोधन यशस्वीरीत्या पूर्ण झाले असून पत्र्याचे काम तात्काळ बंद करण्यात यावे."

नानासाहेबांनी चष्मा पुसला आणि पुढचं वाचलं.

"मात्र पाहणीच्या वेळी विटा अत्यंत निकृष्ट आढळल्या. तरी त्याच जागी, त्याच कर्मचाऱ्यांकडून, विटांचे संशोधन एक वर्ष करण्यात यावे."

पत्राची घडी घालून नानासाहेब ताठ उभे राहिले. डोळ्यांत एकदम चमक! "वीट म्हणजे काय? माती! आणि माती म्हणजे स्वावलंबन. अर्धे बी.एस्सी., विटेबद्दल तुला काय येतं?"

"काही नाही."

"उत्तम. गुरुजी?"

"मला सगळं येतं," अंगाला हळद लावलेले गुरुजी म्हणाले.

सुखदेवभाऊ इतका वेळ फुटलेल्या विटेचं एक ढेकूळ हातात घेऊन चुरत होते. त्यांनी ते नाकाशी नेलं, परत खाली टाकलं, आणि घसा साफ करून विचारलं:

"नानासाहेब, याच्यात थोडा वाख टाकून पाहू का जी?"